अधिकार आहे, पण नक्की कशावर?

पत्र लांब आहे म्हणून थोडक्यात देते. लिहिणाऱ्या ताई पिंपरी-चिंचवडला राहतात, वय 37, एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स, माहेर-सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं ख्रिस्ती. नवरा कित्येक वर्षं पितो, कामं टिकत नाहीत, दोनदा हातही उचललाय. दोन वर्षांपूर्वी ताई एका सेल ग्रुपला, म्हणजे घरोघरी जमणाऱ्या छोट्या प्रार्थना-गटाला, जायला लागल्या, तिथे त्यांना शिकवलं गेलं की विश्वासणाऱ्याला येशूच्या नावात अधिकार आहे, रडून मागत बसू नका, हुकूम सोडा. तेव्हापासून रोज पहाटे त्या घरभर फिरून दारूच्या आत्म्याला बांधतात. मध्यंतरी रात्रभर प्रार्थना झाली आणि नवऱ्याने एकदम सोडली. तिसऱ्या रात्री तो थरथरायला लागला, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायला लागला, चादर ओरबाडायला लागला. ग्रुपचे पाच जण आले, त्याचे हातपाय धरून दोन तास ओरडत होते. पहाटे त्याला फिट आली, मग ॲडमिट केलं. महिन्याभराने पुन्हा बाटली. आता ग्रुपचं म्हणणं, ताईंच्या शंकेमुळे सैतानाला दार उघडं राहिलं, शिवाय सासूबाई हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मरियेच्या, यात्रेला जातात त्याचाही हा परिणाम. व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे अविश्वास. तिकडे वॉर्डमध्ये ताई पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात याची एका सहकारी नर्सने तक्रार केलीये. आणि नऊ वर्षांच्या मुलाला ग्रुपमध्ये सांगितलंय की लहान मुलांचं देव लवकर ऐकतो, म्हणून तो बाबाच्या बाटलीवर हात ठेवून हुकूम देतो. ताई विचारतात, "माझा अधिकार गेला का? परत मिळवायला काय करू?"

ताई, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ त्या तिसऱ्या रात्रीपाशी थांबले. तुम्ही लिहिलंय की "मला आतून कळत होतं पण मी गप्प राहिले." काय कळत होतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण तुम्ही नर्स आहात, वॉर्डात असे पेशंट तुम्ही पाहिलेत. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली की काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसाला किडे, मुंग्या, नसलेली माणसं दिसायला लागतात. याला विथड्रॉवल म्हणतात, त्यातला हा शेवटचा प्रकार उपचार नाही झाले तर जिवावर बेतू शकतो. त्याला लागतं सलाईन, व्हिटॅमिन बी वनचं इंजेक्शन, डॉक्टरने ठरवलेल्या शांत करणाऱ्या गोळ्या आणि कमी आवाजाची खोली. म्हणजे त्या रात्री त्या घरात खरं काय चाललंय हे ओळखणारी एकच व्यक्ती होती, आणि तीच कोपऱ्यात उभी राहिली, कारण बाकीच्यांचा आवाज मोठा होता. आणि म्हणून तुम्ही विचारता की अधिकार गेला का, तेव्हा मला वाटतं प्रश्न तिथे नाहीये. जिथे तुम्हाला खरोखर अधिकार आहे तिथे तुम्हाला गप्प बसवलंय, आणि जिथे तो कुणालाच दिलेला नाही तिथे तुम्ही दोन वर्षं घसा कोरडा करताय.

आधी हे सांगते की मी या शिकवणीला उडवून लावणारी नाही. विश्वासणाऱ्याला अधिकार आहे, हे शास्त्रात आहे. येशूने आपल्या बारा शिष्यांना दिला, मग सत्तर जणांना पाठवलं, ते आनंदाने परत आले की प्रभो, भुतंसुद्धा आम्हाला वश होतात. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की देवाने आपल्याला ख्रिस्ताबरोबर उठवून स्वर्गात बसवलंय, आणि 1932 मध्ये जॉन मॅकमिलन नावाच्या कॅनडाच्या मिशनरीने, जे चीन आणि फिलिपिन्समध्ये काम करून आले होते, याच पत्रावर लेखमाला लिहून ही शिकवण मांडली. ते अलायन्स मिशनचे, म्हणजे ज्या मिशनच्या मंडळ्या आपल्याकडे अकोला, अमरावती, खानदेशात आहेत त्याच मिशनचे. पुढे अमेरिकेत याच शिकवणीला तब्येत, पैसा, प्रमोशन सगळं जोडलं गेलं, ते टीव्हीवरून आणि आता युट्यूबवरून आपल्या हातातल्या फोनमध्ये आलं. आपल्या लोकांना ते भावलं याचं मला नवल वाटत नाही. ज्या समाजाच्या पणज्या-आज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्यांच्या नातीला कुणी सांगितलं की तू राजाची लेक आहेस, मान खाली घालू नको, तर तिचे डोळे भरून येणारच. ते खोटं नाहीच. योहानाच्या पहिल्याच अध्यायात आहे की ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना त्याने देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला. तुमचा सगळ्यात मोठा अधिकार हा आहे, आणि तो दारूची बाटली फुटली की सिद्ध होतो आणि नाही फुटली की रद्द होतो असा नाहीये.

आता "माझा अधिकार गेला का" याबद्दल. लूकचा नववा अध्याय एकदा सलग वाचा, एकेक वचन तोडून नको. सुरुवातीलाच बाराजणांना सर्व भुतांवर अधिकार मिळतो. त्याच अध्यायात एक बाप आपल्या मुलाला घेऊन येतो आणि शिष्यांना काही जमत नाही. त्याच अध्यायात ते भांडतात की आपल्यात मोठा कोण. त्याच अध्यायात याकोब आणि योहान म्हणतात या शोमरोनी गावावर आकाशातून आग पाडू का, आणि येशू त्यांना दटावतो. आणि तरी पुढच्याच अध्यायात तो आणखी सत्तर जणांना पाठवतो. एकदा हुकलं म्हणून अधिकार काढून घेतला असं कुठे दिसतं का? आणि तो बाप, मार्कच्या नवव्या अध्यायात तो काय म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्धा विश्वास अर्धी शंका, आणि तेवढ्यावर त्याचं लेकरू बरं झालं. "तुझ्या शंकेमुळे दार उघडं राहिलं" हे त्याला येशू म्हणाला नाही, मग तुम्हाला ते म्हणण्याचा अधिकार ग्रुपला कुणी दिला?

पण मग नवरा का सुटत नाही? इथे मला तुमच्या गृहीतकालाच हात घालायचाय, थोडं दुखेल. तुम्ही धरून चाललाय की अधिकार बरोबर वापरला तर समोरचा माणूस बदललाच पाहिजे. येशूच्या बाबतीत तरी असं झालं का? तो श्रीमंत तरुण आला, येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असं मार्कने मुद्दाम लिहिलंय, आणि तरी तो खिन्न होऊन निघून गेला आणि येशूने त्याला जाऊ दिलं. वादळाला त्याने गप्प केलं, तापाला धमकावलं, पण यरुशलेमसाठी तो रडला, म्हणाला कोंबडी पिल्लं पंखाखाली घेते तसं कितीदा तुम्हाला घ्यावं वाटलं पण तुमची इच्छा नव्हती. माणसाच्या इच्छेला त्याने दोरी लावून ओढलं नाही. आपल्या मराठी मंडळीतलंच उदाहरण घ्या ना, कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 ला झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 ला. मधली वर्षं किती कठीण गेली ते आपल्याला माहीत आहे. टिळकांसारखा तापट माणूस, तेव्हाच्या काळातला नवरा, त्याने हुकूम सोडून बायकोला ख्रिस्ती केलं नाही. त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने आल्या आणि म्हणूनच त्या पुढे एवढ्या भक्कम उभ्या राहिल्या.

तुम्ही पहाटे दारूच्या आत्म्याला बांधता, ते मत्तयच्या अठराव्या अध्यायातल्या वचनावरून, "जे काही तुम्ही पृथ्वीवर बांधाल." ते वचन कुठे येतं ते बघा. भाऊ चुकला तर काय करायचं हे येशू सांगतोय. आधी एकट्याने त्याच्याकडे जाऊन त्याची चूक त्याला सांगायची, नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घ्यायचं, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांगायचं, आणि तरीही नाही ऐकलं तर त्याला बाहेरचा समजायचं. म्हणजे बांधण्या-सोडण्याच्या वचनाच्या अलीकडे चक्क बोलण्याचं, साक्षीदार घेण्याचं आणि मर्यादा आखण्याचं काम सांगितलंय. भिंतींशी बोलायला सांगितलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांत तुम्ही नवऱ्याशी दारूबद्दल सरळ एकदाही बोलला नाहीत, कारण "निगेटिव्ह शब्द तोंडातून काढायचा नाही" असं सांगितलं होतं. ताई, मला हे वाचून फार वाईट वाटलं. सैतानाशी रोज बोलताय आणि नवऱ्याशी नाही.

तर तेच करा, त्याच क्रमाने. सकाळी, तो शुद्धीवर असताना, मुलगा शाळेत गेल्यावर. आवाज न चढवता सांगायचं की तुम्ही आजारी आहात, त्या रात्री तुम्ही मरता मरता वाचलात, मी तुम्हाला उपचाराला घेऊन जायला तयार आहे, पण माझा पगार आता दारूला जाणार नाही आणि हात उचललात तर मी त्या घरात थांबणार नाही. एटीएम कार्ड त्याच्याकडे आहे असं तुम्ही लिहिलंय, ते परत घ्या, जमत नसेल तर बँकेत जाऊन नवीन काढा आणि पिन बदला. तुम्ही नाइट ड्युट्या करून मिळवलेला पगार आहे तो, त्यावर तुमचा अधिकार आहे, यासाठी उपास करायची गरज नाही. मग दुसऱ्या पायरीला एक-दोन माणसं, पण ओरडणारी नकोत. त्याचा मोठा भाऊ नगरला आहे आणि तो पीत नाही असं तुम्ही लिहिलंय, तो चालेल, तुमच्या जुन्या मंडळीचे पाळकसाहेब चालतील. बोलायची हिंमत त्याच्यासमोर एकटीने होत नसेल, मार बसेल असं वाटत असेल, तर पहिली पायरी सोडून द्या, थेट माणसं घेऊनच बोला.

मारहाणीबद्दल वेगळं बोलायलाच हवं. नवरा हा पत्नीचं मस्तक आहे, तू सोस आणि आत्मिक लढाई लढ, असं ग्रुप लीडरने सांगितलं. हे इफिसकरांच्या पत्रातलं, पण त्याच पत्रात त्याच ओळींखाली आहे की ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं, मारलं नाही. मार खाणं हा तुमचा वधस्तंभ नाहीये. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतो, घरात राहण्याचा हक्क मागता येतो. महिलांसाठी 181 आणि तातडीला 112. हे नंबर सेव्ह करून ठेवा, आणि एक पिशवी, त्यात आधार, मुलाचा जन्मदाखला, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, थोडे पैसे, ती मैत्रिणीकडे ठेवा. पौलाने सुद्धा फटके मारायला बांधल्यावर मी रोमी नागरिक आहे असं शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला, ठणकावून सांगितलं होतं. त्याने कायद्याचा आधार घेतला म्हणून कुणी त्याचा विश्वास कमी धरला नाही.

व्यसनमुक्ती केंद्राबद्दल आता. हा अविश्वास नाही. पौलासोबत फिरणारा लूक स्वतः वैद्य होता, तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्याला पौलाने द्राक्षारस थोडा घे असा उपाय सांगितला, आणि आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत गावी आजारी ठेवून पुढे गेला, तेही त्याने काही न लपवता लिहून ठेवलंय. हुकूम सोडून सगळे आजार जात असते तर पौलाला ते जमलं नसतं का? पुण्यात मुक्तांगण आहे, 1986 पासून, तिथे पस्तीस दिवस ॲडमिट ठेवतात आणि घरच्यांनाही बोलावतात. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर 14446. आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा मराठीत चालतात, फी नाही, धर्म विचारत नाहीत. पहिल्या पायरीलाच तिथे माणूस कबूल करतो की दारूपुढे माझं काही चालत नाही. घरच्यांसाठी अल-ॲनॉन असतं, तिथे तुम्ही जा, नवरा येवो न येवो. आधी एक काम मात्र करा, परत कधी त्याने "उद्यापासून बंद" म्हटलं तर घरी सोडवू नका, डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवा. ग्रुपला नको असेल तर ग्रुपला नको असू दे. आणि केंद्रात गेला म्हणजे पहिल्या झटक्यात सुटेलच असंही धरू नका, पुष्कळांना परत घसरून परत उठावं लागतं, तेव्हा पुन्हा कुणी तुमच्या शंकेवर बोट ठेवलं तर ऐकून घेऊ नका.

सासूबाईंच्या हरेगावच्या यात्रेचा आणि या दारूचा संबंध जोडणं मला साफ चुकीचं वाटतं. म्हातारी दर सप्टेंबरला जाते, मेणबत्ती लावते, लेकासाठीच रडत असणार ती तिथे. तुमची शिकवण वेगळी असेल, तुम्ही जाऊ नका, पण येशूला शिष्यांनी जन्मांध माणूस दाखवून विचारलं की पाप कुणाचं, याचं की आईबापांचं, तेव्हा त्याने दोन्ही नाही म्हटलं. घरात दोन बायका त्या एकाच माणसासाठी प्रार्थना करतात आणि ग्रुपने त्यांना एकमेकींच्या विरोधात उभं केलंय. या रविवारी त्यांना फोन करा.

वॉर्डमधली तक्रार. तुमचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, पण ती सहकारी नर्स बरोबर आहे असं मला वाटतं. बेडवर पडलेला माणूस तुमच्या हातात असतो, त्याला सुई तुम्ही टोचणार, बेडपॅन तुम्ही देणार, तो नको म्हणायला घाबरतो, आणि अर्धवट शुद्धीतला तर म्हणूही शकत नाही. त्याच्या डोक्यावर न विचारता हात ठेवणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेतल्यासारखं होतं, शिवाय नातेवाईकांनी पाहिलं तर आजकालच्या वातावरणात तुमची नोकरी आणि त्या वॉर्डातल्या बाकीच्या ख्रिस्ती मुलींची नोकरी, दोन्ही गोत्यात येईल. आपल्याकडे नर्सिंगमध्ये ख्रिस्ती मुली पिढ्यान्‌पिढ्या आहेत, लोक त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकतात, तो विश्वास आपल्या आज्यांनी कमावलाय. मनातल्या मनात प्रार्थना करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पेशंटने स्वतःहून मागितली तर सिस्टर इन्चार्जला सांगून, दोन मिनिटं, त्याच्या शब्दांत. तक्रार करणारीला भेटून सॉरी म्हणा, आणि यापुढे विचारल्याशिवाय करणार नाही हे इन्चार्जला आपणहून सांगा.

मात्र वॉर्डात तुमचा अधिकार मोठा आहे, तो वापरता का? मध्यरात्री डोस चुकीचा लिहिलेला दिसला तर ज्युनियर डॉक्टरला उठवायचा अधिकार. जनरल वॉर्डातल्या गरीब म्हातारीला मावशी फटकारते तेव्हा "असं बोलायचं नाही" म्हणण्याचा अधिकार. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलींना सरकारी प्लेगच्या व्यवस्थेत वाईट वागणूक मिळाली, तेव्हा रमाबाईंनी सरकारविरुद्ध पेपरात पत्र लिहिलं. याच बाईंच्या केडगावच्या मुक्ती आश्रमामध्ये 1905 चं संजीवन, म्हणजे मोठी आत्मिक जागृती, झाली, ज्याच्या साक्षी तुमच्या ग्रुपमध्ये अजून सांगितल्या जात असतील. गुडघ्यावरही त्याच आणि सरकारसमोरही त्याच. तुम्ही त्यांच्याच घराण्यातल्या आहात.

ग्रुप सोडायचा का हे मी ठरवणार नाही. तिथे तुम्हाला मैत्रिणी मिळाल्यात, दोन वर्षं कुणीतरी नावाने हाक मारून विचारतंय, ते कमी नाही. पण शुक्रवारी जाऊन लीडरना एवढं सांगा की मी नवऱ्याला उपचाराला नेणार आहे, तुम्ही त्यासाठी प्रार्थना करा, आणि माझ्या घरात यापुढे कुणाचे हातपाय धरायचे नाहीत. ते काय म्हणतात ते ऐका. "बरं, आम्ही बरोबर आहोत" म्हटलं तर राहा. पुन्हा तुमच्या विश्वासाचं मोजमाप काढायला लागले, किंवा अशा वेळी आशीर्वादासाठी आणखी दान "पेरायला", म्हणजे ग्रुपला पैसे द्यायला, सांगितलं, तर पर्स उचलून निघा. शताधिपतीने येशूला म्हटलं होतं की मीही अधिकाराखाली असलेला माणूस आहे, तेव्हा जो अधिकार सांगतो तो स्वतः कुणाच्या हाताखाली आहे, त्याला कोण जाब विचारतं, हे बघूनच त्याचं ऐकायचं.

पहाटेची प्रार्थना सोडू नका हां. फक्त भिंतींना हुकूम देण्याऐवजी बापाशी बोला, रडायचं असेल तर रडा, गेथशेमानेत येशूने सुद्धा हुकूम दिला नव्हता, प्याला टळो म्हणून विनवणी केली होती. आणि मोहाला, भीतीला, "तू नालायक आहेस" म्हणणाऱ्या आवाजाला येशूच्या नावाने खुशाल गप्प करा, तिथे तो अधिकार तुमचा आहे आणि तो चालतो.

सगळ्यात घाईचं काम मुलाचं, बाकी सगळं पुढच्या आठवड्यात गेलं तरी चालेल, हे आजच. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात की तो परवा विचारत होता, "मम्मी, मी नीट प्रार्थना केली नाही का?" त्याला जवळ घेऊन स्पष्ट सांगा की पप्पांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झाला नाही आणि तुझ्या प्रार्थनेत काही कमी नव्हतं, बाटलीला हात लावायचा नाही, ते मोठ्यांचं काम आहे, आणि पप्पा चिडले तर शेजारच्या काकूंकडे जायचं. हे एकदा सांगून पुरत नाही, दोन-चार दिवसांनी पुन्हा सांगा. ग्रुपमध्ये त्याला यासाठी पुढे बसवू नका. आणि त्याच्या वर्गशिक्षिकेला भेटून घरात काय चाललंय ते मोजक्या शब्दांत कानावर घाला, म्हणजे तो वर्गात गप्प गप्प बसला तर त्यांना कारण कळेल.